आधी ओळख, मग उपचार : पुरातत्त्वाच्या विज्ञान शाखेची वाटचाल

भिंतीवरच्या प्राचीन चित्राला हात लावण्याआधी त्याचा रंग कशाचा आहे, हे कळले पाहिजे. आज ही गोष्ट कोणालाही पटेल. पण ती आपल्याकडे रुजायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेला फार लांबची वाट चालावी लागली.

सर जॉन मार्शल महासंचालक असताना, 1917 साली ही शाखा सुरू झाली. पहिले पुरातत्त्व रसायनज्ञ मोहम्मद सनाउल्ला कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधून काम पाहू लागले. 1921-22 मध्ये प्रयोगशाळा डेहराडूनला हलली आणि मुख्यालय आजही तिथेच आहे. सुरुवातीचे काम धातूंचे होते. उत्खननात सापडलेली नाणी आणि तांब्या-काशाच्या वस्तू ओल्या जमिनीतल्या क्षारांनी पोखरलेल्या असत. ते क्षार काढायचे आणि वस्तू टिकवायची. मोहेंजोदडोचे उत्खनन सुरू झाल्यावर तिथल्या तांब्या-काशाचे पृथक्करण सनाउल्लांनी केले. मार्शल यांच्या 1931 च्या ग्रंथात ते समाविष्ट आहे. वस्तू नुसती स्वच्छ करायची नाही, तिला बोलते करायचे, ही दिशा तिथे दिसते.

अजिंठा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो या शाखेच्या कक्षेबाहेर होता. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्या काळात रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर रोगण फासले गेले. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली 1920 ते 1922 या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा धरवला. हे त्यांचे मोठे उपकार. पण त्यांनी चित्रांवर लाखेचा थर दिला. काळाच्या ओघात तो पिवळा पडला, तडकला, आणि खालची काजळी व वटवाघळांची घाण त्याच्याखाली कोंडली गेली. हेतू चांगला होता, पण चित्राच्या द्रव्याची ओळख अपुरी होती.

ती ओळख 1930 च्या दशकात एस. परमशिवन यांनी करून दिली. ते तेव्हा मद्रासच्या सरकारी संग्रहालयात रसायनज्ञ होते. गिलाव्याच्या बारीक तुकड्यांची तपासणी करून त्यांनी दाखवले की अजिंठ्याचे चित्र ओल्या चुन्यावर काढलेले नाही. मातीत तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही पद्धत आहे. म्हणूनच या चित्रांना पाणी सोसत नाही.

रंगाचे कण तपासण्याची जुनी रीत साधी आणि सुंदर आहे. गेरूचा कण आम्लात विरघळवून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाकला की गडद निळा रंग उमटतो. तांबड्यातले लोह निळ्यातून साक्ष देते. निळा कण आम्लात रंग गमावून सडक्या अंड्यासारखा वास सोडू लागला, तर तो लाजवर्द.

अजिंठ्याचा गेरू, पिवडी, हिरवी माती, चुना, काजळी हे सगळे आसपासच्या डोंगरांत आणि चुलीत मिळणारे. निळा मात्र लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधला. इसवी सनापूर्वीच्या जुन्या चित्रांत तो नाही, पाचव्या शतकातल्या लेण्यांत आहे. वाघूर नदीच्या काठी काम करणाऱ्या चित्रकाराचा हात व्यापारी तांड्यांमार्फत कुठवर पोचला होता, हे एका कणाने सांगितले.

1953 मध्ये अजिंठा सर्वेक्षणाच्या ताब्यात आला आणि विज्ञान शाखेची खरी कसोटी लागली. पुढे शाखेचे अनुभवी हात देशाबाहेरही गेले. 1969 ते 1977 या काळात अफगाणिस्तानच्या बामियानमध्ये भारतीय चमूने बुद्धमूर्ती आणि भित्तिचित्रांच्या जतनाचे काम केले. 2001 मध्ये त्या मूर्ती उद्ध्वस्त झाल्या. त्या चमूने केलेल्या कामाचे मोल त्यानंतर अधिकच जाणवते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात चोळकालीन चित्रांवर नायककाळात दुसरी चित्रे रंगवली गेली होती. शाखेच्या रसायनज्ञांनी वरची चित्रे थरासकट सोडवून फायबरग्लासच्या फलकांवर बसवली. खालची उजेडात आली आणि वरचीही वाचली.

अजिंठ्यात 9 आणि 10 क्रमांकांच्या लेण्यांतला लाखेचा थर आणि काजळी उतरवण्याचे काम 1999 मध्ये सुरू झाले. शाखेचे रसायनज्ञ मॅनेजर राजदेव सिंग यांनी त्यात पुढाकार घेतला, आणि इसवी सनापूर्वीचे चेहरे पुन्हा दिसू लागले. सिंग यांनीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांच्यासह वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू ओळखले. 2016 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत. किडीला आणि दमटपणाला तोंड देण्याची युक्ती वेरूळच्या कारागिरांना गवसली होती, असे अभ्यासकांचे मत आहे.

आज क्ष-किरण आणि रामन वर्णपटाच्या साह्याने भिंतीचा कणही न काढता रंग ओळखता येतो. पण यंत्र वाचणारा माणूस लागतो. त्याला रसायन यावे लागते आणि चित्रापुढे थांबताही यावे लागते. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी रसायनशास्त्राचे असंख्य पदवीधर बाहेर पडतात. त्यांच्या शिक्षकांनी एकदा तरी वर्ग अजिंठ्याला न्यावा आणि भिंतीवरचा तो निळा ठिपका दाखवावा. या शाखेची पुढची वाटचाल त्यांच्यापैकीच कोणाला तरी करायची आहे.