शाळेतल्या नकाशामागची पायपीट

शालान्त परीक्षेच्या आसपासच्या वर्गांत भूगोल शिकणाऱ्या मुलांची आणि स्थलनिर्देशक नकाशाची गाठ पडते. तपकिरी वळणावळणाच्या रेषा, निळे ओढे, तांबडे रस्ते आणि कोपऱ्यात एक चमत्कारिक क्रमांक. 'रेषा जवळजवळ असतील तर चढ तीव्र, दूरदूर असतील तर मंद', एवढे पाठ केले की गुण पदरात पडतात आणि नकाशा मिटतो. वाचकहो, हा कागद तुमच्या शाळेपर्यंत कसा आला, ही हकीकत मात्र त्या धड्यात बहुधा नसते. ती थोडक्यात सांगावी असा विचार आहे.

आपल्या देशाच्या सर्वेक्षण खात्याचा आरंभ 1767 सालचा. ईस्ट इंडिया कंपनीला नकाशा हवा होता तो लष्कर हलविण्यासाठी आणि महसूल वसूल करण्यासाठी. गावच्या पोरांना शिकविण्यासाठी नव्हे. 1802 साली विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा पोलादी साखळीने मोजली. पुढची युक्ती तुमच्या गणिताच्या पुस्तकातलीच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले, की उरलेल्या बाजू न मोजता काढता येतात. त्या काढलेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा; असे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत देश मोजावयाचा.

ऐकावयास सोपे, करावयास महाकठीण! कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. ते डोंगरमाथ्यावर चढवावयाचे, डोंगर नसेल तेथे देवळाच्या गोपुरावर. 1808 साली तंजावरच्या देवळावर चढविताना ते आदळले व मोडले. लॅम्बटनने ते खपून दुरुस्त केले. ओझी वाहणारे, निशाणे धरून उन्हात उभे राहणारे, हिवतापाने आजारी पडणारे खलाशी आपल्याच देशातले. त्यांची नावे नकाशावर नाहीत.

या हकीकतीचा एक धागा आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे येतो. नागपूरच्या वाटेवर असताना 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम 1841 साली उत्तरेत डेहराडूनच्या खोऱ्यापर्यंत नेले. 1852 साली राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून हिमालयाचे पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच ठरले. 1865 मध्ये शिखराला नाव मिळाले ते मात्र एव्हरेस्टचे.

या त्रिकोणांच्या सांगाड्यावर पुढे तपशिलाचे नकाशे भरले गेले. आरंभी एका मैलाला एक इंच हे प्रमाण होते. दशमान पद्धती आल्यावर एका किलोमीटरला दोन सेंटिमीटर झाले. तो चमत्कारिक क्रमांकही उकलून पाहू. 47 म्हणजे 16 ते 20 अक्षांश आणि 72 ते 76 रेखांश यांमधला चौकोन. त्याचे सोळा भाग ए ते पी अक्षरांचे, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. पुण्याचा परिसर 47 एफमध्ये येतो. क्रमांक म्हणजे पत्ताच म्हणा ना!

आता कोणी विचारील, आम्हां खेडेगावच्या माणसांना याचा उपयोग काय? तर ऐका. समोच्चरेषेवरची सारी ठिकाणे एकाच उंचीची असतात. धरणाचे पाणी कोठवर चढणार, कोणाचे घर बुडणार आणि कोणाचे वाचणार, हे त्या एका रेषेवर ठरते. 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो आपली जमीन पाण्याखाली जाणार म्हणूनच. रेषा कागदावर कोणीतरी दूर बसून ओढतो आणि जमीन आपली जाते. निदान ती रेषा आपल्या मुलाला वाचता यावी की नको?

बुडविण्याचे सोडा, पाणी अडवावयाचे तरी हीच रेषा लागते. सलग समतल चर खणावयाचे ते समान उंचीवरूनच. रेषा चुकली की पाणी चरात न थांबता एका टोकाला धावते आणि बांध फोडते. ओढा ओलांडताना समोच्चरेषा इंग्रजी 'व्ही'सारखी वळते व तिचे टोक उगमाकडे असते, हे ज्याला कळले त्याला नालाबांधाची जागा शोधताना हाती काहीतरी आधार राहतो.

एके काळी हे नकाशे सहजी मिळत नसत. सरहद्दीचे आणि किनाऱ्याचे तर बंदच असत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळी मालिका काढली आणि 2017 पासून तिच्यातले नकाशे नागरिकांना संगणकावरून विनामूल्य घेता येऊ लागले. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुस्तकात छापलेला परमुलखाचा तुकडा शिकवा, पण त्याच्याबरोबर आपल्या गावाचाही नकाशा फळ्याशेजारी लावा. मुलांना टेकडीवर न्या. शाळा कोठे, विहीर कोठे, कोणता ओढा कोणत्या नदीस मिळतो, हे कागदावर बोट ठेवून विचारा. नकाशात नसलेली नवी वस्ती त्यांच्याकडून पेन्सिलीने भरून घ्या.

हा नकाशा सरकारने आपल्या गरजेसाठी केला, आणि तो करताना आपल्याच माणसांनी ओझी वाहिली. त्यांच्या नातवा-पणतवंडांनी तो वाचावयास शिकणे, एवढे तरी देणे आपण लागतो.