फोड त्वचेवर, दोषी रक्तात

आजीच्या तोंडात आधी फोड आले. ‘उष्णता वाढलीय’ म्हणून घरात गुलकंद आणि सब्जा सुरू झाला. पुढे पाठीवर मोठे फोड आले आणि फुटले, तेव्हा कुठे पेम्फिगस हे नाव कानावर पडलं.

नाव जुनं आहे. १७९१ साली विखमान या जर्मन डॉक्टरनं ते फोडांच्या चिवट आजाराला दिलं. त्यानंतर दीडशे वर्षं सगळे त्वचेकडेच बघत राहिले. १९४३ मध्ये सिवात यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की त्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात, म्हणून फोड होतो. पण का सुटतात?

१९६४ साली अमेरिकेत बफेलोला बॉयटनर आणि जॉर्डन यांनी रुग्णांचं सीरम ऊतीच्या पातळ कापावर टाकलं. प्रतिपिंडं चमकवणारा रंग वापरल्यावर पेशींच्या सीमा मासेमारीच्या जाळ्यासारख्या उजळल्या. शरीर स्वतःच्याच त्वचेविरुद्ध प्रतिपिंडं बनवत होतं! अर्थात जागेवर सापडला म्हणून कुणी चोर ठरत नाही. ते सिद्ध व्हायला १९८२ उजाडलं: रुग्णांची प्रतिपिंडं टोचल्यावर उंदरांच्या नवजात पिल्लांना फोड आले. १९९१ मध्ये निशाणाही कळला, डेस्मोग्लीन-३. पेशींना चिकटवून ठेवणारं प्रथिन.

ही प्रतिपिंडं येतात बी-पेशींच्या वंशातून, टी-पेशींच्या चिथावणीनं. स्टेरॉइड त्या सगळ्यांनाच दाबतं. त्याआधी हा आजार बहुतेकांचा जीव घ्यायचा, हे विसरून स्टेरॉइडला शिव्या घालू नयेत. दिल्लीच्या एम्समध्ये पसरिचा यांनी ऐंशीच्या दशकात दर महिन्याला सलग तीन दिवस मोठा डोस देण्याची ‘पल्स’ पद्धत रुजवली. आजीचे फोड रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात आले, पण मधुमेह मागे लागला.

रिट्युक्सिमॅब थेट बी-पेशी संपवतं. २०१७ च्या फ्रेंच चाचणीत ते आणि थोडे दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना बरे होते; नुसत्या स्टेरॉइडवर ३४ टक्के. तरी माझ्यातल्या इंजिनिअरला हे खटकतं. एक प्रोसेस बिघडली म्हणून अख्खा सर्व्हर पुसायचा? २०१६ मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी टी-पेशींच्या अंगावर डेस्मोग्लीन-३ चं आमिष बसवलं. त्याला चिकटायला येईल तीच बी-पेशी मरते, बाकीच्या शाबूत. उंदरांत ते जमलं.

आजी आता वरणभात खाते. तिखट मात्र अजून बंद.