रुग्णांनीं लाविलेली बाग

रुग्णालयाच्या आवारांत रुग्णांकरितां बाग असावी, या विचारास अलीकडे शास्त्राचाही आधार मिळाला आहे. रॉजर उलरिख या अमेरिकन संशोधकानें पेनसिल्व्हेनियांतील एका इस्पितळाच्या नोंदी तपासून १९८४ सालीं असें दाखविलें कीं, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं, ते रुग्ण विटांची भिंत पाहत पडलेल्या रुग्णांपेक्षां लौकर घरीं गेले व त्यांस तीव्र वेदनाशामक औषधेंही कमी लागलीं. तुलना अवघ्या २३ जोड्यांची होती, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं सव्वाशें वर्षांपूर्वीं फुलांविषयीं व रंगांविषयीं जें केवळ शुश्रूषेच्या अनुभवावरून लिहिलें होतें, त्यास तिनें पुष्टि दिली खरी. आपल्याकडे तर सम्राट् अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखांत, मनुष्यांस व पशूंस हितकर अशा औषधी वनस्पति जेथें नव्हत्या तेथें त्या आणवून लावविल्याचा उल्लेख आहे.

परंतु या सर्व ठिकाणीं रोगी हा पाहणारा किंवा घेणारा आहे; लावणारा कोणी दुसराच. विदर्भांत मात्र असा एक प्रयोग झाला कीं, ज्यांत रोग्यानेंच कुदळ हातीं घेतली. त्याची हकीकत आम्हांस अधिक मोलाची वाटते.

भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा भाताचा आणि तळ्यांचा. भंडाऱ्याकडे कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं मातीचे बांध घालून जीं तळीं उभारलीं, त्यांच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकत आलें. दुर्दैवानें हाच पट्टा महारोगाचाही आहे. ज्या मुलखांत माणसाची ओळख त्याच्या बांधीवरून व्हावयाची, तेथें अंगावर चट्टा उठतांच घर, शेत आणि पंगतीचें पान हीं तिन्ही एकदमच सुटावींत, ही शिक्षा किती मोठी! १८९८ च्या कायद्यानें निराधार कुष्ठरोग्यास पकडून वेगळें ठेवण्याची सोय केली होती. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें.

या लोकांस भिक्षेऐवजीं काम द्यावें, हा विचार विदर्भांत प्रथम वर्ध्याजवळ दत्तपूर येथें रुजला. विनोबांच्या प्रेरणेनें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं तेथें कुष्ठधाम काढलें. पुढें अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचें तपोवन झालें. या दोहोंचें कार्य स्वतंत्र लेखाचा विषय आहे; येथें आपणांस भंडाऱ्याच्या नैर्ऋत्येस, चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोऱ्यास जावयाचें आहे.

तेथें मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांनीं साधनाताईंसह १९५१ सालीं आनंदवनाचा संसार मांडला. नांव आनंदवन, जमीन म्हणाल तर पन्नास एकर खडक आणि झुडुपें, सोबतीस विंचू व साप. भांडवल सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. पहिलें काम पाण्याचें. बोटें झडलेल्या हातांनीं विहीर खणणें ही गोष्ट लिहावयास सोपी आहे. तिच्यामागें किती दिवस गेले असतील, याची कल्पना कठीण खडकाशीं ज्यानें कधीं झोंबी घेतली असेल त्यासच यावी. पाणी लागलें, मग धान्य झालें, भाजी झाली, आणि खरी अडचण तेथेंच उभी राहिली. महारोग्यानें पिकविलेली भाजी विकत घेणार कोण? गांवानें ती नाकारली. इतर बागांची परीक्षा फुलांवर होते, या बागेची बाजारांत व्हावयाची होती. पुढें सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक येथें आले. ते रोग्यांबरोबर राहिले, जेवले, त्यांनीं इमारती बांधल्या. परक्यांस जें बाधत नाहीं तें आपणांस काय बाधणार, असें वाटून गांवचें भय ओसरूं लागलें. घरच्या माणसाविषयींची भीति घालविण्यास परदेशचा पाहुणा लागावा, याची थोडी लाजही वाटते.

या हकीकतींत एक गोष्ट विसरतां कामा नये. केवळ श्रमानें महारोग बरा झाला, असें नव्हे. तो बरा होतो तो औषधानें: आधीं डॅप्सोन, आणि १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारिलेली बहुविध औषधयोजना. उलट, बाग घातकही ठरूं शकते. वेलोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, महारोग्याचीं बोटें रोगामुळें आपोआप गळून पडत नाहींत. मज्जातंतु बधिर झाल्यानें दुखापत कळत नाहीं, जखम चिघळते, आणि हात खर्ची पडतो. खुरप्याची खडबडीत मूठ तुम्हांआम्हांस फोड आणील. त्यास तीच मूठ बोट घालवावयास लावील, आणि त्यास तें कळावयाचेंही नाहीं. म्हणून मुठीस जाड कापड गुंडाळणें, पायांत मऊ तळाचें पायताण असणें आणि काम संपतांच हातपाय नीट पाहणें, हीं तेथें बी पेरण्याइतकींच आवश्यक होत. श्रमाचे गोडवे गाणाऱ्या आमच्या लेखकांस ही बाजू क्वचितच दिसते.

भंडाऱ्यास किंवा अन्यत्र कोणी रुग्णालयांत बाग करूं म्हणेल, तर आवारांत गुलाबाचे चार ताटवे व ‘फुलें तोडूं नयेत’ अशी पाटी लावून भागणार नाहीं. बसल्या जागीं हात पोंचेल असा उंच वाफा, सोसेल असें अवजार, आणि पिकलेली मेथी खाणारा कोणी, या तीन गोष्टींची तरतूद प्रथम पाहावी. तिसरीच सर्वांत दुर्मिळ.

वरोऱ्यास ती मिळावयास कांहीं वर्षें लागलीं. १९६४ सालीं आनंदवनांत महाविद्यालय निघालें, आणि ज्या आवाराकडे लोक एके काळीं फिरकत नसत, तेथें पंचक्रोशींतील मुलें पुस्तकें घेऊन येऊं लागलीं. त्यापाठोपाठ शेतकीचें महाविद्यालयही तेथेंच उघडलें.