झोपडवस्ती शौचालय योजना, पुणे

पुणे महानगरपालिकेने इ. स. १९९९ ते २००१ या काळात स्वयंसेवी संस्था आणि वस्तीतील रहिवाशांचे संघ यांच्या साहाय्याने राबविलेली सार्वजनिक आरोग्यविषयक योजना. त्या सुमारास शहराची लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास होती. तीपैकी सुमारे दोनपंचमांश लोक पाचशेहून अधिक झोपडवस्त्यांत राहत असत आणि त्यांतील अनेकांना प्रातर्विधीसाठी नदीकाठ, नाल्याचा उतार किंवा रेल्वेमार्गालगतची मोकळी पट्टी यांवाचून अन्य जागा नव्हती. ज्या वस्त्यांत महापालिकेचे संडास होते तेथेही पाणी नसे, दारे निखळलेली असत आणि साफसफाई नेमक्या कोणाची जबाबदारी आहे याचा निर्णय कधीच होत नसे. परिणामी अतिसार, विषमज्वर, जंत इत्यादी विकार वस्तीत ठाण मांडून बसत, आणि स्त्रिया अंधार पडेपर्यंत देहधर्म रोखून धरीत व त्यासाठी दिवसभर पाणीही बेताने पीत, त्यामुळे मूत्रमार्गाच्या व्याधी त्यांच्या वाट्यास अधिक येत.

१९९२ ते १९९९ या सात वर्षांत शहरात अवघी २२ शौचालय-संकुले उभी राहिली होती. १९९९ साली तत्कालीन महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी ही कामे नेहमीच्या मक्तेदारांना न देता स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागविल्या. बांधकामाचा मक्ता ज्या संस्थेस मिळेल तिनेच पुढील देखभालीची व्यवस्थाही अंगावर घ्यावी, ही या निविदांमधील कळीची अट. बांधकामाचा खर्च तसेच पाण्याची व विजेची जोडणी महापालिकेकडे, आणि रचना, उभारणी व निगा संस्थांकडे, असा करार ठरला. पहिल्या वर्षी २२० आणि दुसऱ्या वर्षी तितकीच संकुले बांधण्याचा संकल्प होता. दोन वर्षांत चारशेहून अधिक संकुले आणि दहा हजारांवर शौचकूप उभे राहिले. आयुक्त दर आठवड्यास अभियंते व संस्थाचालक यांना एकत्र बसवून कामाचा झाडा घेत. सरकारी दप्तरात महिनोन्‌महिने अडकून पडणारे प्रश्न या बैठकींत समोरासमोर निकालात निघू शकत, आणि योजनेच्या वेगाचे श्रेय प्रस्तुत लेखकाच्या मते या बैठकींस जितके द्यावे तितके थोडेच आहे.

सहभागी संस्थांत मुंबईच्या ‘स्पार्क’ या संस्थेचा वाटा मोठा होता. १९८४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था, जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघ आणि भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांच्या बचतीतून १९८६ साली उदयास आलेले ‘महिला मिलन’ अशी ही त्रयी होती. तिच्याकडे शंभराहून अधिक संकुले सोपविण्यात आली. महिला मिलनच्या काही गटांनी तर बांधकामाचा पोटमक्ताच घेतला. गवंडी व मजूर लावणे, वाळू-सिमेंटचा हिशेब ठेवणे, अभियंत्याशी हुज्जत घालणे ही सर्व कामे, एरवी ज्यांना कोणी मुकादमीसही उभे केले नसते अशा स्त्रियांनी केली.

वापरणारा माणूसच आराखड्याच्या वेळी हजर असला म्हणजे काय फरक पडतो, हे या संकुलांच्या रचनेवरून उत्तम प्रकारे कळते. पुरुषांची व स्त्रियांची प्रवेशद्वारे निरनिराळी ठेवण्यात आली. रांगेतून मोठी माणसे मुलांना मागे लोटतात आणि मोठ्यांच्या भांड्यात पडण्याची मुलांना धास्ती वाटते, हे आयांनी सांगितल्यामुळे लहान मुलांसाठी स्वतंत्र, उघडे व बेताच्या आकाराचे शौचकूप बांधले गेले. पाण्याची मोठी टाकी आणि राखणदाराच्या कुटुंबासाठी खोली हीही सोय केली गेली. शुल्क कुटुंबास दरमहा सुमारे २० रुपये, पासाच्या स्वरूपात. दर खेपेस एक रुपया घेणाऱ्या शौचालयात पाच माणसांच्या घरास दिवसाला प्रत्येकी एकच खेप धरली तरी महिन्यास १५० रुपये पडले असते. संकुल पुरे झाले की वस्तीत ‘संडास मेळा’ भरवून त्याचे उद्घाटन होई. या नावाने भद्र समाज नाक मुरडीत असला तरी ज्या विषयाचा उच्चारही टाळला जाई तो त्यामुळे चारचौघांत बोलता येऊ लागला. २००१ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात अशा शौचालयाची पूर्णाकृती प्रतिकृती उभारण्यात आली व महासचिव कोफी अन्नान यांनी ती पाहिली. पुढे मुंबईतही जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या प्रकल्पात याच धर्तीवर शेकडो संकुलांचे काम या संस्थांकडे आले.

या पद्धतीची सारी भिस्त पाण्यावर आहे, आणि ती डोंगरी मुलखात जशीच्या तशी नेता येत नाही हे ध्यानी घ्यावे. नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या परिसरात पावसाळ्यात मुसळधार वृष्टी होऊनही उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते; तेथे शासकीय अनुदानातून घरोघर उभारलेला शौचकूप पाण्याअभावी सरपण ठेवण्याची जागा होऊन बसला, तर दोष गावकऱ्यांच्या सवयीस देणे अन्यायाचे ठरेल.

योजनेवर आक्षेपही घेतले गेले. वेगाच्या हव्यासात सर्वच ठिकाणी वस्तीची संमती पुरेशी पक्व होऊ शकत नाही, आणि मक्ता घेतलेल्या संस्थेला मक्तेदाराचे गुणदोष चिकटण्याचा धोका असतोच. पुण्यातील ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने तर पुढे घरागणिक शौचालयाचा पुरस्कार केला आणि त्यासाठी वस्त्यांचे घरनिहाय नकाशे तयार केले. रात्री-अपरात्री आजाऱ्यास, गरोदर स्त्रीस किंवा वृद्धास घराबाहेर जावे लागू नये, हा त्यांचा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे. जेथे मैलावाहिनी व नळ घरापर्यंत पोहोचविता येतात तेथे घरातील शौचकूपच श्रेयस्कर. जेथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे निजतात आणि बोळातून वाहिनी नेण्यास वाव नसतो, तेथे पुण्याचे सामायिक संकुल, त्याची किल्ली वस्तीच्याच हाती असेपर्यंत, आजही सर्वांत व्यवहार्य तोडगा मानावा लागतो.