सेवाग्रामचा जपानी ढोल

बीडकडच्या माणसाला हलगी समजावून सांगावी लागत नाही. कडं, त्यावर ताणलेलं कातडं, वाजवण्याआधी जाळावर धरून तापवायचं, म्हणजे आवाज खणखणीत निघतो. आता त्या कड्याला एक लाकडी दांडा जोडलाय असं समजा. दिसायला हातपंखा, वाजवायला एकच काठी. जपानीत याला ‘उचिवा दाइको’ म्हणतात. उचिवा म्हणजे पंखा, दाइको म्हणजे ढोल. अण्वस्त्रांविरुद्धच्या पदयात्रांमध्ये देशोदेशी हा ढोल वाजत आलाय, आणि त्याची वाट आपल्या वर्ध्यावरून गेली आहे.

मुळात तो निचिरेन पंथाच्या बौद्धांचा. ‘ना मु म्यो हो रें गे क्यो’ हा सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र म्हणायचा, ढोलावर ठोका द्यायचा आणि चालत राहायचं. निचिदात्सु फुजी हे भिक्षू १९३१ साली भारतात आले आणि १९३३च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणू लागले, म्हणून जगभर ते ‘फुजी गुरुजी’ झाले. त्यांचे शिष्य गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात राहिले, मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला.

डिसेंबर १९४१मध्ये जपान महायुद्धात उतरला. सेवाग्रामातल्या जपानी भिक्षूला पोलीस घेऊन गेले. गांधीजींनी मंत्र मात्र प्रार्थनेतून काढला नाही. सरकारदरबारी जो शत्रू ठरला, त्याच्या मंत्राने आश्रमाचा दिवस उजाडत राहिला. या साऱ्या कथेत मला हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. निःशस्त्रीकरणाचे करार पुढे टेबलावर झाले, पण त्यांना लागणारं मन असं तयार होतं.

६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्या दिवशी फुजींना साठ वर्षं पूर्ण झाली होती. पुढचं आयुष्य त्यांनी शांतिस्तूप बांधण्यात घातलं. पहिला १९५४ साली जपानात कुमामोतोला झाला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, जपानी मच्छीमारांवर किरणोत्सारी राख पडली आणि २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. १९६३ साली चाचणीबंदीचा पहिला, अर्धामुर्धा करार झाला.

जून १९८२मध्ये संयुक्त राष्ट्रांचं निःशस्त्रीकरणावर दुसरं विशेष अधिवेशन भरलं. फुजींचे भिक्षू ढोल वाजवत अमेरिका पायी तुडवून न्यूयॉर्कला पोचले. १२ जूनला तिथे सुमारे दहा लाख माणसं रस्त्यावर उतरली. त्या गर्दीत वर्ध्याचा ठेका होता.

अण्वस्त्रबंदीचा करार १२२ देशांनी २०१७ साली मंजूर केला. त्यात आपला देश नाही, याचं मला दुःख आहे.

फुजी १९८५ साली गेले. त्यांच्या मनातला वर्ध्याचा विश्वशांती स्तूप १९९३ साली गीताई मंदिराशेजारी उभा राहिला. बीडहून कधी वर्ध्याला गेलात, तर सेवाग्राम पाहून परत फिरू नका. थोडं पुढे जा, स्तूपापाशी घटकाभर बसा.