सिरॅमिकमधील छिद्रे : दोष की गुण?

माठातील पाणी गार राहते ते त्याच्या अंगातील सूक्ष्म छिद्रांमुळे. लोणच्यासाठी मात्र झिलई दिलेली, न झिरपणारी बरणीच लागते. छिद्र हा गुण की दोष, हे भांड्याच्या कामावर ठरते. मोबाइल फोनपासून पाणबुडीपर्यंत वापरल्या जाणाऱ्या फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिक पदार्थांनाही हाच न्याय लागू पडतो.

फेरोइलेक्ट्रिक म्हणजे काय?

ज्या पदार्थात विद्युत ध्रुवीकरण आपोआप असते आणि बाहेरून विद्युत क्षेत्र लावून त्याची दिशा उलटवता येते, तो फेरोइलेक्ट्रिक होय. नावात 'फेरो' असले तरी यात लोखंड असावे लागत नाही. लोहचुंबकाच्या वर्तनाशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. जोसेफ व्हॅलासेक यांनी १९२० मध्ये रोशेल क्षारात हा गुणधर्म प्रथम दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेटचा आणि १९५० च्या दशकात लेड झिर्कोनेट टायटनेटचा (पीझेडटी) शोध लागल्यावर या पदार्थांचा औद्योगिक वापर वाढला.

छिद्रे येतात कोठून?

या पदार्थांची भुकटी साच्यात दाबून सुमारे १२०० ते १४०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. कणांमधील सर्व पोकळ्या भाजताना बुजत नाहीत. भुकटी बांधून ठेवणारे द्रव्य जळून गेल्यावर जागा रिकामी राहते. पीझेडटीमध्ये शिशाचे ऑक्साइड उडून गेल्यानेही छिद्रे पडतात.

थोडी हवा, मोठा परिणाम

विद्युतभार साठवण्याची पदार्थाची क्षमता दर्शवणारा अपार्यता स्थिरांक हवेसाठी जवळपास १, तर बेरियम टायटनेटसाठी हजाराहून अधिक असतो. सुटी, गोलाकार छिद्रे १० टक्के असतील, तर गणिताने हा स्थिरांक सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. छिद्रे चपटी आणि विद्युत क्षेत्राला आडवी असतील, तर घट फार मोठी होते. १५०० स्थिरांकाच्या तुकड्यात एकूण जाडीच्या केवळ १ टक्का इतका हवेचा सलग थर आला, तरी परिणामी स्थिरांक शंभराच्याही खाली येतो.

दुसरा धोका विद्युतभंगाचा. गोल छिद्रातील हवेवर भोवतालच्या सिरॅमिकपेक्षा सुमारे दीडपट क्षेत्र पडते आणि हवा ते सोसू शकत नाही. छिद्रात ठिणग्या पडू लागतात व कालांतराने तुकडा निकामी होतो. छिद्रे पृष्ठभागापर्यंत पोचली असतील, तर दमट हवेतील ओलावा आत शिरून विद्युतगळती वाढते. त्यामुळे कपॅसिटर बनवताना छिद्रे कमीत कमी ठेवण्याची धडपड असते.

पाण्याखाली मात्र उलटे

समुद्रातील ध्वनी टिपणाऱ्या हायड्रोफोनवर पाण्याचा दाब सर्व बाजूंनी पडतो. दाब दिल्यावर वीज निर्माण करण्याचा पीझेडटीचा गुण येथे लंगडा पडतो. पीझेडटी-५एच या प्रकारात ध्रुवीकरणाच्या दिशेने दिलेल्या दाबाचा गुणांक ५९३ पिकोकुलोंब प्रति न्यूटन, तर आडव्या दोन्ही दिशांचा प्रत्येकी उणे २७४ असतो. बेरीज उरते अवघी ४५. छिद्रे योग्य रीतीने ठेवल्यास आडव्या दिशेचा परिणाम अधिक घटतो आणि बेरीज वाढते. शिवाय अपार्यता स्थिरांक उतरल्यामुळे तेवढ्याच विद्युतभारातून अधिक व्होल्टेज मिळते.

सोनोग्राफीतही हा लाभ होतो. घन पीझेडटीचा ध्वनिरोध शरीरातील ऊतींच्या सुमारे वीसपट असल्याने बराच ध्वनी सीमेवरूनच परत फिरतो. सच्छिद्र पीझेडटीत ही तफावत कमी होते.

रचना महत्त्वाची

अर्थात हा लाभ फुकटचा नाही. सच्छिद्र तुकडा ठिसूळ असतो. त्याचे ध्रुवीकरण करतानाही अडचण येते, कारण लावलेल्या क्षेत्राचा मोठा भाग छिद्रांतच खर्ची पडतो आणि सिरॅमिकचा काही भाग तसाच राहतो. बळकटीसाठी छिद्रांत पॉलिमर भरण्याचा मार्ग अनेकदा अवलंबला जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या रॉबर्ट न्यूनहॅम व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये, मिश्र पदार्थातील प्रत्येक घटक किती दिशांनी सलग आहे यावरून अशा रचनांचे वर्गीकरण केले. छिद्रे किती आहेत, याइतकेच ती कोठे, कोणत्या आकाराची आणि एकमेकांना कशी जोडलेली आहेत, हे महत्त्वाचे ठरते, ही दृष्टी त्यातून रुजली.