भज्जीत काय काय पडतं

मार्गशीर्ष अमावास्येला भरदुपारी लातुरात फिरून पाहावं. गंजगोलाईतली दुकानं बंद, रस्ते ओस, रिक्षा शोधूनही मिळत नाही. नवख्या माणसाला वाटतं, संचारबंदी लागली की काय. सगळं शहर रानात गेलेलं असतं, आणि ज्याला रान नाही तो ज्याला आहे त्याच्या रानात. वेळ अमावास्या, आमच्या बोलीत येळवस. लातूर, धाराशिव, तिकडं बीदर, कलबुर्गी हा सगळा पट्टा 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होता. पुढं राज्यं वेगळी झाली, येळवस काही कुणाला वाटून घेता आली नाही.

कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांच्यापुढं नैवेद्य, मग पिकाभोवती आंबील शिंपत एक फेरी, तोंडानं अर्धी कानडी आरोळी. मग पंगत. ज्वारी-सजगुऱ्याचे उंडे, गव्हाची गुळातली खीर, तिळाच्या पोळ्या हे सगळं असतं. पण खीर एखाद्या वर्षी पातळ झाली तर कुणी बोलत नाही. भज्जी आणि आंबील चुकली की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, वाटाणा, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगी, भुईमुगाचे दाणे. शिवाय ज्याच्या बांधावर जे असेल ते. हे सगळं शिजवून आंबट ताकात कालवलेलं बेसन लावायचं, वरून लसूण-मिरचीचा सढळ ठेचा. माझी आज्जी ही भाजी घरात निवडायचीच नाही. आदल्या दिवशी टोपलं घेऊन ती रानभर फिरायची आणि परतली की टोपल्यात आमच्या रानाची सगळी हजेरी असायची: तुरीचे पाटे कुठं, हरभरा कुठवर भरला, कुठल्या कोपऱ्यात मेथी टाकली होती. मला आजही वाटतं, ही पाककृती कुण्या सुगरणीनं ठरवलेली नसावी. त्या दिवशी रानात जे हिरवं उभं असतं, तेच पातेल्यात पडतं.

आंबील त्याउलट आधी दोन-तीन दिवस मुरत असते. ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं, आंबू द्यायचं, शिजवून गार करायचं, त्यात जिरं, लसूण, कोथिंबीर. डोक्यावर बिंदगी घेऊन बाईनं ती रानात न्यायची. (येळवशीचं कौतुक लिहिताना सगळे हुरडा, ऊस आणि झाडाखालची झोप लिहितात. त्यासाठी घरातल्या बाया मध्यरात्रीनंतर पाठ टेकत नाहीत, हेही कुणीतरी लिहायला हवं.)

आज्जीच्या येळवशींना सनावळी नव्हती, पण ती आपण लावू शकतो. ‘बार्शीतली येळवस’ म्हणजे जानेवारी 1948. रझाकारांच्या भीतीनं आमचं घर बार्शीला नातेवाइकांकडं गेलं होतं. इंग्रज जाऊन काही महिने झाले होते, तरी आज्जीच्या तोंडी बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूखच. रब्बी मागं राहिलेली. तरीही थोरल्या सासूबाईंनी आंबील केली आणि घरात वाद पेटला: दुसऱ्याच्या रानात आपली आंबील शिंपावी का? सासूबाईंचं म्हणणं, पीक कुणाचंही असो, शिंपल्याशिवाय प्यायची नाही. मामंजी म्हणाले, आपल्या आंबिलीचं पुण्य त्यांच्या ज्वारीला कशाला? शेवटी शिंपली नाही. भज्जी केली ती बाजारातल्या तुरीची. ती सांगताना आज्जी अजून नाक मुरडायची.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं, 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली, आणि रब्बीची पेरणी तोंडावर आली होती. माणसं परतली, घाईघाईनं पाभरी चालल्या. डिसेंबरअखेरच्या येळवशीला ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, असं आज्जी सांगायची. मात्र बांधाला बांध लागून एका मुसलमान घराचं रान होतं, त्यांची भज्जी आमच्याकडं आणि आमची खीर त्यांच्याकडं असा रिवाज. त्या वर्षी ते रान पडीक होतं. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालानं पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसाचारात ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागल्याचं नोंदवलं, त्यांत आमचा उस्मानाबाद आहे. आज्जीला अहवाल ठाऊक नव्हता. खीर जास्त झाली होती, एवढंच ती म्हणायची आणि विषय बदलायची.

जानेवारी 1973 ची येळवस ‘मिलोची’. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतली तांबडी ज्वारी यायची, तिला मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना चिरायची. रानात कोप करायला कडबासुद्धा नव्हता. घरातली मोठी माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, ज्या योजनेचा पुढं 1977 मध्ये कायदा झाला. आज्जीनं मिलोची आंबील घालून बिंदगी थेट त्या कामावर नेली. रंग तांबूस, चव कडवट. भज्जीत हिरवं काहीच नव्हतं, भिजवलेल्या डाळी आणि बेसन. पण तिला नाव भज्जीच. तिथल्याच दगडांतले पाच उचलून पांडव मांडले. ‘पांडवच की ते, त्यांनाबी वनवास ठावं,’ असं आज्जी म्हणायची.

किल्लारीच्या भूकंपानंतरची, जानेवारी 1994 ची येळवस मी स्वतः पाहिली आहे. तिच्याविषयी मी इथं लिहिणार नाही.

आता आमच्या रानात सोयाबीन असतं. ते दसरा-दिवाळीलाच निघून जातं, मागं हरभरा किंवा थेट ऊस. ज्वारी कमी झाली, पावटा गेला, मेथीचा कोपरा गेला. म्हणून येळवशीच्या आदल्या दिवशी लातूरच्या मंडईत सोलाणे, तुरीच्या शेंगा, पावटे यांचे ढीग लागतात आणि शेतकरीच ते विकत घेऊन आपल्या रानात नेतात. मला हे हास्यास्पद वाटत नाही, पण आज्जीच्या टोपल्यात ते बसलं नसतं, हेही खरं.

काकूनं मात्र हट्टानं बांधालगतचे दोन तास राखलेत. तिथं तूर, मधे मेथी, कडेला पावट्याचे वेल. सोयाबीन काढायला येणारा हार्वेस्टरवाला दर वर्षी कुरकुरतो, वळायला जागा पुरत नाही म्हणतो. काका त्याचीच री ओढतात. काकू दोघांना एकच उत्तर देते, ‘येळवशीला जेवायला ये, मग बोल.’ तो येतोही, आणि भज्जी दोनदा मागून घेतो.